नाही म्हटलं तरी सुटणारी होडी

सोमवार, ४ सप्टेंबर २००६

संगणकावरच्या होडीच्या खेळाचा शेवटचा भाग आज लिहून दिला. तारीख उद्याची होती. रघुनाथन, म्हणजे आमचे स्टुडिओचे मालक, नेहमीचं बोलले : "सार, तारखेच्या आधी देणारे इथे तुम्ही एकटेच." मुंबईत अठरा वर्षं रोजच्या मालिका लिहिल्या. तिथे उशीर झाला तर नट मेकअप करून बसलेला असायचा. सवय लागली ती लागली. बायकोला, सुनंदाला, तिची बँक मद्रासला घेऊन आली, मी माझी सवय घेऊन आलो.

शेवट दोन झाले. पुराची संध्याकाळ, घाटावर वल्ली नावाडीण एकटी. एक माणूस धावत येतो, पलीकडे ने म्हणतो. मागे त्याला शोधणाऱ्यांचे कंदील. तो गुन्हेगार की गांजलेला, हे तिला ठाऊक नाही. आधीच्या पाच-सहा तासांत खेळणाऱ्याने जे पाहिलं-ऐकलं त्यावरून त्याने ठरवायचं. पडद्यावर प्रश्न येतो : होडी सोडायची की नाही?

सोडली तर एक शेवट. नाही सोडली तर दुसरा. दुसरा जास्त जमलाय. माणूस तिच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. सकाळी ती रोजच्यासारखी बाजारची माणसं पलीकडे नेते, आणि तिला कुणी काही विचारत नाही. बस्स, एवढंच. लिहून झाल्यावर चहा गार झालेला.

मधल्या सतरा लहान प्रश्नांना ठिगळं लावलीत. म्हणजे उत्तर काहीही द्या, समोरचा वेगळं एक वाक्य बोलतो आणि गोष्ट परत त्याच वाटेला लागते. ही युक्ती मीच इथल्या लोकांना दाखवली. जूनमध्ये तीन आठवडे वाचले त्यामुळे.

गुरुवार, ७ सप्टें.

परदेशातल्या कंपनीचा, ज्यांच्यासाठी खेळ करतोय त्यांचा, मेल. नाताळच्या आधी दुकानात हवा. दोन्ही शेवट तपासायला वेळ नाही. दुसरा शेवट काढा.

इथवर ठीक. काढा म्हणाले तर काढतो. मालिकांमध्ये आख्खी कुटुंबं काढली आहेत. पण पुढची ओळ : प्रश्न मात्र तसाच ठेवा. कारण खोक्यावर छापून झालंय, "तुमचा निर्णय, तुमची कथा."

म्हणजे खेळणारा "नाही" म्हणणार आणि होडी तरी सुटणार. कशी? तो माणूस दोर कापून उडी मारेल, असं त्यांनीच सुचवलंय. चित्रं तयार, आवाज तयार, दोन्ही शेवटांचे. फक्त एक वाट बंद.

तीनदा वाचला मेल. मग डबा उघडला. भेंडी.

शुक्र. ८

रघुनाथनकडे गेलो. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायचं नाही, ही फसवणूक आहे.

ते शांत माणूस. म्हणाले, "सार, बहुतेक लोक एकदाच खेळतात. दुसरी वाट आहे की नाही, कुणाला कळणार?"

"ज्याला कळणार नाही त्यालाच फसवतात."

मग हसले, आणि जे बोलले ते घरापर्यंत बरोबर आलं. "पण ही युक्ती तर तुमचीच. सतरा ठिकाणी केलीत. आता अठरावं."

 गिंडीला लोकल चुकली तेव्हा उत्तर सुचलं. वल्लीने भाकरी खाल्ली की नाही याने नदीला फरक पडत नाही. तिथे ठिगळ चालतं. माणूस न्यायचा की नाही याने पडतो. दोन्हींना एकच सुई चालत नाही. पण हे फलाटावर उभं राहून कुणाला सांगणार? आणि ज्याने सतरा घातली त्याने?

बुध. १३

सुनंदाला सगळं सांगितलं. ती बँकेतून दमून आलेली, तरी पुरतं ऐकलं. मग :

"त्या मालिकेत तू मेलेला दीर तीनदा जिवंत केलास. तेव्हा नाही संतापलास?"

"तेव्हा प्रेक्षकाला कुणी विचारत नव्हतं. तो शिव्या घालत बघायचा. सरळ व्यवहार होता."

"आणि आता?"

"आता त्याला आधी विचारतात."

ती म्हणाली, मग राजीनामा दे. मी म्हणालो, खेळ मग तसाच जाईल. ती म्हणाली, मग देऊ नकोस. खेळ तसाच जाईल. आणि कुकर लावायला गेली.

शनि. १६

आज मामींचा दिवस. मामी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण, कमलाबाई. तंजावरकडचं मराठी घराणं, वय चौऱ्याहत्तर, रोज इंग्रजी पेपर जाहिरातींसकट वाचतात. गेला महिनाभर संध्याकाळी वर येऊन माझ्या संगणकावर खेळ खेळतायत. वल्लीवर फार जीव. होडीत कुणाला बसवायचं यावर मला सल्ले देतात, जणू खेळ मी खेळतोय.

मलरने काल नवी प्रत दिली होती, दुसरी वाट बंद केलेली. मलर आमच्याकडची मुख्य प्रोग्रॅमर. सीडी देताना नजर चुकवली तिने.

मामींना मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का? बघायचं होतं मला, कळतं का ते.

शेवटचा प्रश्न आला. मामींनी चष्मा पुसला. खूप वेळ काही दाबलं नाही. "ह्याच्या सदऱ्यावर रक्त हाय. त्या मास्तराच्या घरीं चोरी झाली ती रात्र आठवते कां तुम्हांला?" मला आठवत नव्हती. मीच लिहिलेली. मग ठामपणे "नाही" दाबलं.

माणसाने दोर कापला. होडी सुटली.

मामी पडद्याकडे बघत राहिल्या. "आठल्येराव, म्यां नको म्हटलं ना?"

"हो."

"मग कशी सुटली?"

मी म्हणालो, त्याने दोर कापला.

"ते दिसलं हो. मला कां विचारलं मग?"

उठल्या. जिन्यात अर्ध्यावर थांबून तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही. सूर कळला.

रवि. १७

सकाळी मामी स्वतःच वर आल्या, इडल्या घेऊन. राग गेला असेल वाटलं. गेला नव्हता. माझ्यावरचा नव्हताच तो.

आमच्या कोकणात देवाला कौल लावतात, तसं इकडे देवळात फूल मागतात. दोन पुड्या : एकीत पांढरं फूल, एकीत लाल. देवीपुढे ठेवायच्या, एखाद्या लहान पोराला उचलायला सांगायचं. पांढरं आलं तर होकार. मामी सोळा वर्षांच्या, शाळा पहिल्या नंबराने पास. मास्तरणीच्या शिक्षणाला कुंभकोणमला जायचं होतं. वडील म्हणाले, देवीला विचारूं. अस्कं, म्हणजे सगळं, घर देवळात गेलं. पुतण्याने पुडी उचलली. लाल. दोन महिन्यांत लग्न.

"ती दुसरी पुडी पुजारी गुरुक्कळने तशीच टाकली होती, तळ्याच्या पायरीवर. मी मागे राहिलें. उघडली."

मी हातातली इडली खाली ठेवली.

"लालच होतं. दोन्हींत लाल."

कुणालाच सांगितलं नाही म्हणाल्या. नवऱ्यालाही नाही. अठ्ठावन्न वर्षं.

मी म्हणालो, वडिलांनी सरळ नाही म्हटलं असतं तर?

"तर मी गेलें असतें कां? नाही. रडलें असतें, लग्न केलं असतं. नवरा चांगला होता हो माझा. पण विचारलं त्यांनी. म्हणून मी रात्रंदिवस मनांत देवीला पांढरं मागत बसलें. एक आठवडा. एवढं कधी मागितलं नव्हतं मी."

चटणीची वाटी घेऊन खाली गेल्या. जाताना : "तुमचा खेळ वाईट नाही. नुसतं विचारूं नका."

बुध. २०

नवीन प्रत लिहून दिली. तारखेच्या दोन दिवस आधी. प्रश्न काढून टाकला. वल्ली स्वतः होडी सोडते. का सोडते ते चार ओळींत. खेळणाऱ्याला विचारलंच नाही. जूनमधल्या सतरांतले सहा प्रश्नही काढले, जिथे वल्ली काही मोठं ठरवते असा भास होत होता. बाकीचे अकरा भाकरी-चहाचे. ते राहू दिले.

मामींचं म्हणणं रघुनाथनना सांगितलं नाही. ते त्यांच्यासाठी नव्हतं.

शुक्र. २२

उत्तर आलं. तिकडचे म्हणतात, प्रश्न नसेल तर खोक्यावरचं वाक्य खोटं ठरेल.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं ठरेल म्हणे! प्रश्न असला की खरं ठरतं?

रघुनाथननी खुर्ची दिली, कॉफी मागवली, म्हणजे वाईट बातमी. "सार, दोन पर्याय आहेत. तुम्ही प्रश्न परत घाला, तुमचं नाव पहिल्या पडद्यावर येईल. नसेल जमत तर दुसरं कुणीतरी घालेल, नाव येणार नाही. तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करणार नाही."

मी म्हणालो, "दोन्हींत लाल."

"काय सार?"

"काही नाही. दोन्हीकडून होडी सुटणारच ना?"

त्यांनी कॉफी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "मलाही कुणी विचारलेलं नाही." ते खरं असावं. चांगला माणूस आहे. पण वैतागलेल्या चांगल्या माणसांनीच जगातल्या निम्म्या पुड्या बांधल्या असतील.

बाहेर पडलो तर वेलचेरीच्या रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी. शेअर ऑटोवाला म्हणे, जाणार नाही. निदान त्याने आधी विचारलं नाही.

मंगळ. २६

उत्तर दिलेलं नाही अजून. रघुनाथनही मागत नाहीत. ऑफिसात सगळे माझ्याशी फार नम्र. हा प्रकार मुंबईत ओळखीचा होता : आजारी माणूस आणि बदलला जाणारा लेखक.

खाली मामींचा नवरात्राचा गोलू मांडलाय. पायऱ्यांवर बाहुल्या, वरच्या पायरीवर तंजावरच्या जुन्या. रोज सुंदल, म्हणजे प्रसादाची उसळ. आज चण्याचं. खालच्या पायरीला एक छोटी लाकडी होडी नवीन दिसली.  

शुक्र. २९

ऑफिसात आयुधपूजा आजच उरकली, रविवारी सुट्टी म्हणून. प्रत्येक संगणकाला चंदन-कुंकू, मधोमध लिंबू, सर्व्हरला झेंडूची माळ. पूजा झाली की सोमवारी विजयादशमीपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. इथे शिकलेलेसुद्धा पाळतात. मला आवडतं. तीन दिवस यंत्रं काही विचारत नाहीत.

संध्याकाळी मलर मामींच्या गोलूला आली. हळदी-कुंकू, विड्याचं पान. मग वर आली. सुनंदाशी थोडं बोलली, मग मला गॅलरीत बोलावलं.

"सार, तो प्रश्न मीच परत घातला. मला सांगितलं. नाही म्हणता आलं नाही. घरी माणसं आहेत."

"तुझ्यावर राग नाही."

"असू दे थोडा." मग हळू : "दुसरा शेवट मी पुसलेला नाही. सगळा आत आहे. फक्त एका ओळीने बंद केलाय. सोमवारी पूजा उतरली की शेवटची प्रत बनेल, मंगळवारी जाईल. ती ओळ मी काढू शकते."

मी म्हणालो, तो तपासलेला नाही.

"नाही. मी एकटीने दोनदा खेळून पाहिला. एकदा नीट चालला. एकदा बाजारच्या दृश्यात अडकला. का ते सापडलं नाही. लोकांकडे अडकला तर माझी नोकरी जाईल. संशय तर तुमच्यावरही येईल. कदाचित अडकणारही नाही."

"रघुनाथनना सांग."

"सांगितलं तर ते नाही म्हणतील. त्यांना म्हणावं लागेल." तिने पानाची गुंडाळी उलटसुलट केली. "ओळ काढू की ठेवू? तुम्ही म्हणाल तसं."

मी नेहमीचं काहीतरी बोलायला लागलो. तू ठरव वगैरे. तिने मध्येच तोडलं.

"सार, मी खरंच विचारतेय."

सोमवारी सकाळी नऊपर्यंत सांगतो म्हणालो.

रविवार, १ ऑक्टोबर

आज सरस्वतीपूजा. मामींनी सकाळीच घरातली सगळी पुस्तकं आणि पेनं नेऊन गोलूपुढे ठेवली, माझं शाईचं पेनसुद्धा. आज वाचायचं-लिहायचं नाही. हे मी सुनंदाच्या हिशेबाच्या वहीत सापडलेल्या पेन्सिलीच्या तुकड्याने लिहितोय. देवीने माफ करावं. सवय.

दिवसभर एकच. मलरची नोकरी की वल्लीचा "नाही." असं मांडलं की सोपं वाटतं. नोकरी जिवंत माणसाची, वल्ली कागदाची. मग मामींचा चेहरा आठवतो पडद्यासमोरचा. त्या कागदाच्या नाहीत. आणि असे किती जण ते "नाही" दाबतील, चष्मा पुसून, विचार करून, मास्तराच्या घरची चोरी आठवून. सुनंदा म्हणाली, मलरला नको म्हण, तिला लहान मुलं आहेत. मग म्हणाली, पण ती स्वतः आली होती ना? तिला नको म्हणणं म्हणजे तिचं न ऐकणंच की. मग म्हणाली, मला विचारू नकोस.

आयुष्यभर तारखा पाळल्या. त्यात ठरवायचं काही नसायचं, फक्त पोचवायचं. एवढे दिवस संतापलो तो त्या कंपनीवर, रघुनाथनवर, जूनमधल्या माझ्यावर. आता विचारणारी मलर, आणि मी म्हणेन तेच होणार. संतापायला कुणी उरलेलं नाही.

दुपारी खाली जाऊन मामींना सगळं सांगितलं, सकाळच्या नऊसकट. मग म्हणालो, तुमच्या देवीपुढे दोन पुड्या ठेवता का माझ्यासाठी. अर्धं गमतीत. बाकीचं अर्धं नाही.

मामींनी वर पाहिलंसुद्धा नाही, सुंदलला फोडणी घालत होत्या. "ठेवतें."

आत्ता दिवेलागणीला वर येऊन गेल्या. टेबलावर स्टीलची ताटली ठेवली. एक पांढरं फूल, एक लाल. शेजारी शेजारी, उघडी. पुडी बांधलेलीच नाही.

"मामी, पण हे..."

"नऊ वाजेपर्यंत सुकणार नाहीत," म्हणाल्या, आणि गेल्या.