बाराव्या सुरानंतरचा श्वास

३ मार्च
थापा! शुद्ध थापा! टीव्हीवरच्या मुलाखतीत संगीतकार महाशय म्हणतात, मालिकेचं शीर्षकगीत मला दाढी करताना सुचलं. बारा सूर, मग तो गाजलेला श्वास, मग पुन्हा बारा. निवेदिका त्या श्वासावर फिदा. "तो कुठून आला?" — "आतून." आतून कसला, आमच्या घरातून! बाबा ही धून मालिका यायच्या आधीपासून बासरीवर वाजवायचे. मी सहा वर्षांची होते, बहिरी नव्हते. आणि बाबा त्याच महाशयांकडे बासरी वाजवायला जायचे. म्हणजे झालं काय, ते सांगायला नको.
आईने मध्येच टीव्ही बंद केला. हे गाणं लागलं की नेहमी करते.

४ मार्च
वाहिनीला फोन केला. निवेदिका म्हणाली, "पुरावा असेल तर शुक्रवारी कॅमेरा घेऊन घरीच येतो. तुमच्या वडिलांचं नाव सगळ्यांना कळेल." बघाच आता!

६ मार्च
दादा म्हणतो, "बाबा जाईपर्यंत स्वतः कधी बोलले नाहीत, तू कशाला उकरून काढतेस?" मिटवायची एवढी घाई? त्याचा मुलगा गेल्या वर्षीच महाशयांच्या वाद्यवृंदात लागलाय. कुठेतरी पाणी मुरतंय.

७ मार्च
बाबांच्या कॅसेटी खाली काढल्या. बाबांची शिस्त म्हणजे शिस्त — घरी काहीही टेप करायचं तर आधी तारीख बोलायची, मग वाद्याचं नाव, मग पट्टी. शिंक आली तरी त्यानंतर. म्हणजे तारखेचा पुरावा आयताच!
पण सोळानंतर एकदम अठरा. सतरा नंबर गायब.

८ मार्च
आईला विचारलं. ती खोक्यात अंडी लावत होती. "मला काय ठाऊक?" मान वर नाही, डोळ्याला डोळा नाही. मग खोकं मिटून उठून गेली. सख्ख्या आईवर संशय घ्यायची वेळ आली! कोणाला वाचवतेय ही?

९ मार्च
आई दवाखान्यात गेली तेवढ्यात तिचं कपाट उघडलं. लाज वाटली, तरी उघडलं. तळाशी तिच्या कारखान्यातलं जुनं खोकं. मी लहान असताना ती तिथे बल्ब भरायची. बारा खणांचं खोकं, आणि आत — सतरा नंबर!
लावली. बाबांचा आवाज. तारीख मालिकेच्या आठ महिने आधीची! मी टाळीच वाजवली. सापडलात, महाशय!
आता वाद्य बोलायची वेळ, तर बाबा म्हणाले, "वाद्य नाही." आणि आई गुणगुणायला लागली. बारा सूर. श्वास. बारा सूर.
"मध्ये थांबतेस ते काय?"
"खोकं मिटायचं असतं ना! बारा बल्ब झाले की झाकण. असं गुणगुणलं की मोजणी चुकत नाही."
बाबा हसले. "परत म्हण, लिहून घेतो. उद्या स्टुडिओत ऐकवतो."
"तुमचं म्हणून?"
वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग बाबा — "आपलं म्हणून."
बाबा का बोलले नाहीत ते कळलं. धून आईची, बोलणार कुठल्या तोंडाने! इतका राग आला त्यांचा, आणि मग रडूच आलं. दादावर संशय घेऊन झाला, त्याच्या पोरावर घेऊन झाला. पण टीव्ही का बंद करतेस, एवढं आईला कधी विचारलं नाही.
ती आली. टेप बघून चप्पल काढायची राहिली.
"ऐकलंस?"
"लपवलीस कशाला?"
"तुला बाप म्हणजे देव. म्हटलं, राहू दे."

१० मार्च
टीव्हीवाले आले. बाबांच्या फोटोसमोर कॅमेरा लावायला लागले. मी म्हटलं, तिथे नको — आणि आईची खुर्ची पुढे ओढली. "अगं, मला काय बोलता येतंय?" आई म्हणाली. मी ते बल्बचं रिकामं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच तिचे हात चालायला लागले.