शेवटच्या माणसाची खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही खुर्ची रिकामी!

गीत संपलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा संपलं. आत्याचा आवाज बसला. पेटीवर माझी बोटं दुखायला लागली. मंडळी चुळबुळ करू लागली, मागच्या रांगेतले तर चपला शोधायला लागले. शेवटी मीच उठून आशीर्वाद दिला आणि सभा सोडली.

बाबांच्या वेळी असं कधी झालं नाही. मंचासमोर एकच लाकडी खुर्ची – 'शेवटच्या माणसासाठी'. तिच्यात कुणी येऊन बसेपर्यंत गीत थांबवायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि कुणीतरी उठायचंच. कधी एखादी म्हातारी, कधी मास्तर, एकदा तर हवालदार, टोपी काखेत धरून. माणूस बसायचा, रडायचा. बाबा मागे उभे राहून त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवायचे. मगच सभा सुटायची.

उन्हाळ्यात अर्धांगवायूने तोच उजवा हात गेला. उजवा पाय गेला. वाचाही गेली. सभा मात्र आधीच ठरलेल्या होत्या. 'तुला त्याची सगळी वाक्यं पाठ आहेत, तूच उभी राहा,' आत्या म्हणाली. जन्मभर शेजारी बसून पेटी वाजवली म्हणून मी उपदेशक! म्हणजे ड्रायव्हर आजारी पडला, तर कंडक्टरने गाडी हाकायची.

५ नोव्हेंबर

दिवसभर प्रवास. बाबा आणि आत्या पुढे, ड्रायव्हरशेजारी. मी मागे बांबू, कनाती आणि सतरंज्यांच्या ढिगाऱ्यात. मंडपवाल्या काकांनी खुर्ची माझ्यासमोरच बांधली होती, तोंड माझ्याकडे करून. ट्रक वळला की ती थोडी पुढे सरकायची, काहीतरी सांगायला आल्यासारखी. मी डोळे मिटले, तरी कळत होतं ती आहे म्हणून.

काकांना म्हटलं, 'उलटी बांधायची होती हो.' ते म्हणाले, 'का? लाजते का ती?' आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

६ नोव्हेंबर

नवं गाव. चर्चमागे दोन खोल्या दिल्या आहेत. मोठ्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसतं, मंडप दिसतो, कनात वर गुंडाळली की खुर्चीही दिसते. आत्याने बाबांना मुद्दाम तिथे बसवलं. 'त्याला बरं वाटेल.' मंडपात गार वारा लागतो म्हणून त्यांना सभेला नेत नाही. कर्ण्याचा आवाज मात्र खिडकीतून स्वच्छ येतो. म्हणजे रोज संध्याकाळी बाबा तिथे बसून माझं ऐकणार. सगळं. अडखळलेलंसुद्धा.

इथले पाळक भले गृहस्थ. चहा देता देता म्हणाले, 'तुमच्या वडिलांच्या सभेत आमच्या गावचे एकमेकांचं तोंड न बघणारे तीन सख्खे भाऊ एकाच संध्याकाळी उठले होते.' मग माझ्याकडे बघून, 'तुमचंही होईल हं.' जणू माझा नापास झाल्याचा निकाल लागलाय!

७ नोव्हेंबर

आज भीती वाटली. खरंच.

लोक म्हणतात, अगदी वडिलांचा आवाज. मला आधी बरं वाटायचं. आता अंगावर काटा येतो. वाक्य सुरू करण्याआधी बाबा घसा साफ करायचे, तसाच मी करते. ते दोन बोटांनी टेबल ठोकायचे, तसंच मी ठोकते. त्यांची वाचा कुठे गेली असं डॉक्टरला विचारत होतो ना आम्ही – माझ्यात आली आहे! आणि त्यांना तिकडे गप्प बसून ती ऐकावी लागते.

पण आज एक वाक्य आलं ते त्यांचं नव्हतं. माझंही नव्हतं, मी ते तयार केलेलं नव्हतं. 'तू इतरांसाठी दार धरून उभा राहिलास. आत कधी आलास?' मागच्यांनी माना वर केल्या. मला वाटलं, आता उठेल कुणीतरी. कुणी उठलं नाही.

८ नोव्हेंबर

बाबा जेवले नाहीत. आत्याने भात भरवला तो ओठातून खाली सांडू दिला. मी समोर गेले तर डावा हात उचलला – आधी खिडकीतून खुर्चीकडे, मग स्वतःच्या छातीवर मूठ. पुन्हा खुर्ची. पुन्हा छाती. डोळ्यांतून पाणी.

मला कळतंय, बाबा. आयुष्यभर भरलेली खुर्ची मी रिकामी ठेवली. ऊर बडवणार नाही तर काय करणार?

९ नोव्हेंबर, रविवार

खुर्ची भरली! गीताचं दुसरं कडवं चालू होतं, मागून एक आडदांड माणूस डुलत डुलत आला आणि धपकन बसला. बाजारातला हमाल. आत्याने खंजिरी अशी काही वाजवली की विचारू नका. माझा ऊर भरून आला. मी पेटी सोडून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले, डोक्यावर हात ठेवला.

तो घोरत होता.

पाळकांनी हलवून उठवलं. 'पाय दुखत होते बाई,' तो म्हणाला, 'आणि एवढी जागा मोकळी होती.' सगळा मंडप हसला. मीही हसले, करणार काय!

खिडकीत बाबा. तोच हात. खुर्ची, छाती.

११ नोव्हेंबर

दुपारी पेटी पुसायला मंडपात एकटीच गेले. खाली मान घालून पट्ट्या पुसत होते, तर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं – खुर्चीत कुणीतरी बसलंय. पाठमोरं. मान जराशी डावीकडे कललेली. मी म्हटलं, 'सभा संध्याकाळी आहे.' वर बघितलं तर कुणी नाही. कनात नुसती हलत होती.

पेटी अर्धवट पुसून पळत आले. चाळिशी उलटलेली बाई, आणि पळत! हे कुणाला सांगू?

आणि हेही कुणाला सांगू की मी त्या खुर्चीत कधीच बसले नाही? सगळ्यांना वाटतं, उपदेशकाची मुलगी म्हणजे तिचं तारण घरातच झालं असणार, दुधाच्या दाताबरोबर. कुणी विचारलंच नाही. आणि जायचं तरी कधी? बाबा हाक द्यायचे तेव्हा माझे हात पेटीवर असायचे. मी उठले असते तर गीत थांबलं असतं. बाकी सगळे माझ्या सुरावर चालत पुढे गेले. मी बसून राहिले.

आता मी मंचावरून सांगते, 'ये, ही जागा तुझीच आहे.' कुठल्या तोंडाने? लोकांना ते ऐकू येत असेल. म्हणूनच कुणी येत नसेल.

१२ नोव्हेंबर

आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, 'बाबा कुणाच्या सभेत पुढे गेले होते गं?'

'तो?' आत्या हसली. 'तो तर दूध प्यायच्या आधीपासून बोलतोय. आमचे वडील त्याला स्टुलावर उभं करायचे नि बायबलातली वचनं म्हणायला लावायचे. त्याला कोण विचारणार, तू कधी येतोस म्हणून!'

मग माझ्या हातात चादरीचं दुसरं टोक दिलं. घडी नीट पडली नाही, म्हणून ओरडली.

१३ नोव्हेंबर

मंडपवाले काका हळूच म्हणाले, 'ताई, माझ्या मेहुण्याला सांगू का? शेवटच्या संध्याकाळी बसेल तेवढ्यापुरता. रडायलाही चांगलं येतं त्याला.'

मी इतकी ओरडले की बिचारे खुंटा तिथेच टाकून गेले. ओरडले, कारण एक क्षण मला ते पटलं होतं.

१४ नोव्हेंबर

खुर्ची. छाती. खुर्ची. छाती. आज मी त्यांची चाकांची खुर्ची भिंतीकडे वळवली. बाबांनी डाव्या हाताने चाक धरून, धापा टाकत, पुन्हा खिडकीकडे वळवली.

मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मला माझ्या वडिलांची भीती वाटते. या वयात, ते हलूही शकत नसताना!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते.

शेवटची संध्याकाळ. मंडप भरलेला. मी बोलले, धड आठवत नाही काय ते. मग हाक दिली, पेटीवर बसले, गीत सुरू केलं. एकदा. दोनदा. कुणी नाही. मी खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

तेवढ्यात मागे कुजबुज झाली. लोक वाट देत होते. मंडपवाले काका बाबांना ढकलत आणत होते. 'ऐकेचनात हो!' ते लांबूनच म्हणाले. 'दाराच्या चौकटीला धरून बसले होते!' माझ्या मनात आलं, संपलं. आता सगळ्यांसमोर हात उचलणार. खुर्ची, छाती. सगळ्यांना कळणार, ही मुलगी काय लायकीची आहे.

काकांनी त्यांना मंचाकडे वळवलं, नेहमीच्या जागी न्यायला. बाबांनी डावा हात चाकावर ठेवून ते अडवलं. हात उचलला. लाकडी खुर्ची. छाती. आणि या वेळी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मान खाली घालून पुढे येणारा माणूस जसा बघतो ना – ज्याला आपण किती वेळा बघितलंय – तसं.

अगं बाई! आठवडाभर ते मला बोल लावत नव्हते. विचारत होते.

काका आणि पाळकांनी मिळून त्यांना उचलून त्या खुर्चीत बसवलं. मान डावीकडे कलली. इतक्या गावांत, इतक्या माणसांना त्या खुर्चीपर्यंत आणलं, आणि स्वतः कायम तिच्यामागे उभे! कुणी विचारलंच नाही त्यांनाही.

माझे हात पेटीवर होते. मी ते उचलले. सूर तुटला, आत्या दचकली, मग तशीच पेटीशिवाय गात राहिली, फाटक्या आवाजात. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस किती विरळ झालेत. मला एकही वचन आठवलं नाही. नुसतं म्हणाले, 'या बाबा.' ते लहान मुलासारखे हमसून रडले. मीही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. काका बांबू उतरवताहेत. बाबांनी पेजेची आख्खी वाटी संपवली. त्यांना ढकलत मंडपात नेलं आणि त्यांची चाकांची खुर्ची लाकडी खुर्चीच्या मागे लावली. मग मी पुढे जाऊन बसले. पेटी कुणीच वाजवत नव्हतं.

बाबांचा डावा हात चालतो.