ओलं लॅकर

ती. आई,

नमस्कार राहू दे. तुमच्या लेकाचे, उन्मेषचे हात कशाने सुजले, असं तुम्ही फोनवर विचारलंत.

मी जुनी चिनी कपाटं दुरुस्त करते. त्यांचं लॅकर म्हणजे झाडाचा चीक. तो दमट हवेतच वाळतो आणि ओला असताना कातडी जाळतो. ओटाव्यातल्या कोरड्या विंटरमुळे शिंपले जडवलेलं एक दार मी वॉशरूममध्ये वाळत ठेवलं होतं. उन्मेषने माझं डोकं टबवर आपटलं, मग तेच दार दोन्ही हातांनी उचलून माझ्या पाठीत घातलं.

"पुरुषाचा हात उठतोच," तुम्ही म्हणाला होतात. आता त्याची मूठही वळत नाही. सूज कशाची हे त्याला माहीत नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

दार मी जोडलंय. उद्या नवा थर देऊन तिथेच ठेवीन.

तुमच्या घरातली,
ऊर्मी