ससोबाचा हात

३ फेब्रुवारी

चि. ससोबास,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे बाबांचा गुडघा सोडून. आपली जुनी तांबडी घोडी आता पाठीवर माणूस घेत नाही. शिकायला येणाऱ्या पोरांना मी उरलेल्या दोघांवर आळीपाळीने बसवते आणि वर्ग कसाबसा रेटते.

टेकडीपलीकडच्या गवतवाल्याकडे एक वर्षाचं शिंगरू आहे, मादी, करड्या रंगाची. पाय सरळ, नजर शांत, हाक मारली की आधी कान वळतात आणि मग ती. फक्त वरचे दात खालच्यांच्या पुढे अंगठाभर आलेत, थेट तुझे लहानपणी होते तसे. रागावू नकोस, ससोबा हे नाव बाबांनी ठेवलं, मी नव्हे.

बाबांना दाखवली. त्यांनी खूर उचलून पाहिले, चालवून पाहिली, आणि घ्यायची का म्हणून विचारलं तर म्हणाले, दाढा बघायला ससोबाचा हात तिच्या तोंडात जाऊ दे, मग बघू. बारा वर्षं हा तबेला मी सांभाळतेय, आणि बाबा वाट बघतात ती आठ तासांवर राहणाऱ्या तुझ्या हाताची. वाचून तुला गुदगुल्या होतील.

तू मागे इथे विसरलेली दातांचा ठसा घ्यायची मेणाची पट्टी तिला चावायला लावून सोबत पाठवतेय. गवतवाला महिनाअखेरपर्यंत थांबेल, नंतर ती विटांच्या गाडीला जुंपली जाईल. एवढ्या कोवळ्या जनावराची पाठ दोन वर्षांत कामातून जाईल. मला ती हवी आहे गं. लवकर कळव.

लोभ आहे तो टिकव,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पट्टी पोचली. इथे आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात ती माझ्या टेबलावर दिसल्यावर साहेबांनी विचारलं, हा कोण पेशंट आणि याला हसायला कोण शिकवणार. दिवसभर सगळ्यांना तेवढाच विषय पुरला.

माझं मत विचारशील तर घेऊ नकोस. असे दात जन्माचे असतात. तिला आखूड गवत खुडता येणार नाही, दाढांना टोकं येतील, वर्षातून दोनदा कानस लावावी लागेल आणि तिची पिल्लंही घेता येणार नाहीत, त्यांनाही तेच दात येतील. माझ्यासारखी दिसते म्हणून दया येऊन घेणार असशील तर मुळीच नको.

रजा मिळत नाही, म्हणून हात काही पाठवता येत नाही. आणि गुदगुल्यांचं म्हणशील तर ऐक. तू सकाळी दार उघडतेस तेव्हा तीन तोंडं तुझ्याकडे वळतात. मी दार उघडते तेव्हा फळीवर मांडलेल्या चाळीस कवळ्या माझ्याकडे बघतात. चहाच्या वेळी बाबा तुझ्यासमोर असतात. माझ्या वाट्याला येतात तुझ्या पत्राखालच्या त्यांच्या दोन ओळी, त्याही यावेळी नव्हत्या. हेवा कोणी करायचा ते तूच ठरव.

बाबांच्या गुडघ्याला शेक देत जा. माझी आठवण काढत जा, कामापुरती नको.

तुझी,
ससोबा

१६ फेब्रुवारी

चि. ससोबास,
आशीर्वाद. आज अनेक नाहीत, एकच.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, मग सोडून दे. मी दोन आठवडे बोलतेय ते कानाआड, आणि तुझी एक ओळ आली की विषय संपला.

हेवा कोणी करायचा ते ठरवायला सांगतेस ना? मग मंगळवार आठव. तुझे दात सरळ करायला बाबा तुला दर मंगळवारी बसने शहरात न्यायचे, दोन वर्षं, एकही मंगळवार न चुकवता. तेव्हा आपल्याकडे अकरा घोडे होते. अकरा ठाणांतली लीद मी एकटी काढायची. संध्याकाळी तू नवं चित्रांचं पुस्तक घेऊन उतरायचीस आणि बाबा मला विचारायचे, घोड्यांना पाणी दाखवलंस का.

आणि नवीन जनावर आलं की तोंडात जायचा तो तुझा हात, कारण तो लहान. मी दोरी धरायची. मीही एकदा हात पुढे केला होता, तर म्हणाले, तुझा पंजा मोठा आहे, तू दोरीच धर. तेव्हा मी बारा वर्षांची होते. ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

तुझ्या पत्रातली कारणं खरी असतील. पण ती लिहिताना तुला बरं वाटत होतं, हे मला इथे बसून कळलं.

राग ओसरला की लोभाचं बघू.
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला बरोबर कळलं. मला बरं वाटत होतं.

काल जेवणाच्या सुट्टीत पट्टी पुन्हा काढली. तिच्यावर फक्त पुढचे दात उमटलेत. घोडं पुढच्या दातांनी खुडतं, चावतं मागच्यांनी, हे बाबांनी आपल्याला सगळ्यात आधी शिकवलं होतं. तिच्या दाढा एकमेकींवर नीट बसतात का, चघळलेल्या गवताचे गोळे तोंडातून पडतात का, लिदीत लांब काड्या दिसतात का, यातलं मी तुला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कदाचित तिच्या बाजूने आलं असतं, आणि मला ते नको होतं. त्या तबेल्यात माझं म्हणून एवढंच उरलंय, माझा हात. माझ्या हाताशिवाय तिथे घोडं आलं तर मी तिथली कोण, असं वाटलं. लिहितानाही लाज वाटतेय.

मंगळवारांचं मात्र तुला माहीत नाही. बाबा जाताना झोपायचे आणि येतानाही झोपायचे, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. पुस्तक मिळायचं ते मी गप्प बसावं म्हणून. जागे असलेले बाबा सगळे तुझ्या वाट्याला आले.

आता ऐक. हात तूच घाल. जीभ हळूच एका बाजूला धर आणि बोटं गालाच्या आतून मागे ने. पंजा मोठा असल्याचं मनावर घेऊ नकोस. बाबांचा त्याहून मोठा आहे आणि माझ्या आधी ते तोच घालायचे.

जमलं तर पुन्हा अनेक आशीर्वाद पाठव.
ससोबा

२७ फेब्रुवारी

चि. ससोबास,
अ. उ. आ., सगळे परत केले.

परवा गवतवाल्याकडे गेलो. बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं होतं, झोपेचा भाग वगळून. मी बाह्या सरसावल्या आणि बघते तर दोरी धरायला कोणीच नाही. गवतवाला गिऱ्हाइकात अडकलेला. तेव्हा बाबांनी काठी भिंतीला टेकवली, लंगडत पुढे आले आणि दोरी धरली.

हात आत गेला. ऊब, लाळ, आणि मग दाढा. चारही बाजूंना खालीवर नीट बसतात. फक्त वरच्या पहिल्या दाढेला बोटाला टोचेल एवढं टोक आहे. गोळे पडत नाहीत, लिदीत काड्या नाहीत. बाबांनी विचारलं, काय लागतंय. मी सांगितलं. त्यांनी स्वतः तपासून पाहिलं नाही. गवतवाला येऊन त्यांना विचारायला लागला तेव्हा म्हणाले, मला काय विचारता, हिला विचारा.

मी हो म्हटलं. पिल्लं घ्यायची नाहीत आणि दर सहा महिन्यांनी कानस, हे कबूल करून घेतलंय, माझ्याकडूनच. हात काढताना तिने मान झटकली आणि दातांत बोट सापडलं. नख काळंनिळं झालंय, म्हणून अक्षर असं. बाबा म्हणाले, दोरी जरा सैल सुटली. मला राग आला नाही.

आता लोभ दोघींवर ठेव, तिच्यावर नि माझ्यावर.
ताई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू. बाबांनी तुझ्यासाठी दोरी धरली. माझ्यासाठी कधीच धरली नव्हती. ते बाजूला उभे राहून सांगायचे, आणि दोरी धरायचीस तू.

मग तुझं काळं नख आठवलं आणि मी माझे हात दिव्याखाली धरून बघितले. सात वर्षं मी येईल त्या जनावराच्या तोंडात हात घातला, लाथाडणाऱ्याही आणि चावऱ्याही. ताई, माझ्या एकाही बोटावर ओरखडा नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस रजा मिळालीय. कानस घेऊन येते. हात तूच घाल, दोरी मी धरेन. ती कशी धरायची ते मात्र मला आधी शिकव.

बाबांना नमस्कार. लोभ आहे का हे आता मी विचारणार नाही, माझ्या बोटांवरून कळलं.

तुझी,
ससोबा