कागदी लीगमधला पहिला नंबर

डॉफिन, मॅनिटोबा
रविवार, २६ ऑक्टोबर १९८६

चि. स्तेफ्का,

चौसष्ट वर्षांची झालीस तरी मला धाकटीच, म्हणून अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कमरेचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या रोमाननं फोनवर कळवलं. म्हणजे त्यानं हॅनियाला सांगितलं आणि तिनं ते माझ्या कानात ओरडून मला सांगितलं. फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो, त्यापेक्षा पत्र बरं. काठी घेऊन चालत जा. लाजायचं काय त्यात?

आपली कागदी लीग सुरू होऊन अडीच आठवडे झाले. दरवर्षीसारखी पहिली क्रमवारी तुला आधी कळवतो. तुझा मुलगा दर वर्षी नियम ठाऊक नसल्याचं सोंग आणतो, म्हणून त्याच्यासाठी पुन्हा एकदा लिहितो. सहा जणांचे सहा संघ. प्रत्येकानं बर्फावरच्या खऱ्या हॉकीतले बारा खेळाडू निवडायचे. त्यांनी गोल केला किंवा गोलाला पास दिला की आपल्याला एक गुण. कोणी जायबंदी झाला तर रविवारपर्यंत कार्ड टाकून बदली मागायची. गुण मोजणार मी, वर्तमानपत्रातून, आणि शेवटचा शब्द माझा. सुरुवातीची क्रमवारी नुसत्या गुणांवर नसते, पुढं कोण टिकेल याचा अंदाजही त्यात धरलेला असतो. गेल्या वर्षी तू मला आंधळा पंच म्हणालीस, तेव्हाही हेच सांगितलं होतं.

तर पहिला आपला धाकटा भाऊ पावलो. संघ असा बांधलाय की कुठं फट नाही. दुसरा तुझा रोमान, पण त्यानं सगळे म्हातारे गोळा केलेत, नाताळपर्यंत धापा टाकायला लागतील. तिसरी हॅनिया, आणि ती माझी बायको आहे म्हणून नव्हे. चौथा मी. पाचवी माझी लेक दारिया. ती खेळाडू त्यांच्या केसांवरून निवडते, तरी तुझ्या पुढं आहे. सहावी तू. रागावू नकोस, पण सुजलेल्या गुडघ्यांचे तीन बचावपटू कोणी घेतं का? आपलं दुखणं माणसानं निदान संघाला तरी लावू नये.

स्नो लेकला बर्फ पडायला लागलाय म्हणे. पावलोचं पत्र आलं की कळवीन.

माया आहे तेवढी पुरेशी आहे, फक्त ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
ओरेस्त


थंडर बे
१ नोव्हेंबर

ती. ओरेस्तदादा,

सा. न. वि. वि. नमस्कार आहे, पण तो रागानं केलाय असं समज.

सहावी? बरं. माझे गुडघे सुजलेले तिघं मार्चमध्ये तुझ्या संघाच्या पुढं पळताना दिसतील, तेव्हा हे पत्र काढून वाच. हॅनियावहिनीला सांग, तिसरा नंबर नवऱ्याला पिरोही खाऊ घालून मिळवला असं सगळे म्हणतायत. सगळे म्हणजे मी आणि रोमान.

आता कामाचं. तुझी क्रमवारी मी तीनदा वाचली. निवडीच्या दिवशीची यादीही काढली. पावलोच्या संघात टॅलबेक अजून कसा? दुसऱ्याच आठवड्यात त्याचा खांदा निखळला, इथल्या पेपरात फोटोसकट आलं होतं. पावलोचा एखादा खेळाडू नुसता शिंकला तरी तुझ्या दारात बदलीचं कार्ड हजर व्हायचं. यंदा दोन रविवार गेले आणि कार्ड नाही? असं असताना तू त्याला पहिला नंबर देऊन मोकळा झालास?

मी त्याला नऊ वेळा फोन केला. वाजत राहतो.

त्याची नॉर्मा जाऊन सहा महिने झाले. एप्रिलमध्ये तिला पुरून आल्यावर त्यानं आपल्या सगळ्यांना चहा दिला, प्रत्येकाचा कोट शोधून हातात आणून दिला, आठवतं? मला वाटलं, सावरला माणूस. आता वाटतं, तो आपल्याला फक्त घरी पाठवत होता.

निवडीच्या रविवारी तो आला नाही आणि त्याची यादी टपालानं आली, असं तू सगळ्यांना सांगितलंस. दादा, एकच विचारते. ती यादी कोणाच्या अक्षरात होती?

उत्तर लगेच पाठव. लोभाचं नंतर बघू.

स्तेफ्का


डॉफिन
६ नोव्हेंबर

चि. स्तेफ्का,

अनेक आशीर्वाद. इथं उणे अकरा आहे, गाडी सुरू होते, हॅनिया बरी आहे. एवढं लिहून झाल्यावर तासभर पेन हातात धरून बसलो, तेव्हा आता खरं लिहितो.

यादी आलीच नव्हती.

त्या रविवारी आपण टेबलाभोवती बसलो होतो. निवडीची पहिली पाळी पावलोची आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या खिशात हॅनियानं दिलेली वाणसामानाची यादी होती. मी ती काढली आणि तिच्यातून वाचल्यासारखं करून सगळ्यात भारी खेळाडूचं नाव घेतलं. बारा वेळा घेतलं. त्या कागदावर कणीक आणि कांदे होते, स्तेफ्का. पावलोची जागा रिकामी आहे असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग पहिला नंबरही मीच दिला. वाटलं, तो बघून तरी पावलो हसेल, नाहीतर चिडेल, चार ओळी लिहील. टॅलबेकला मी केव्हाच बदलू शकलो असतो. मुद्दाम ठेवला. म्हटलं, असला मोडका खेळाडू पावलोला सहन होणार नाही, त्याला काढायला तरी कार्ड टाकेल. सप्टेंबरपासून चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

जाऊन का बघत नाहीस, असं तू विचारशील. सात तासांचा रस्ता आहे, बर्फ आहे, हे सगळं खरं. त्याहून खरं म्हणजे मला भीती वाटते. दार उघडल्यावर काय दिसेल याची.

रागव, पण तोडू नकोस.

ओरेस्त


थंडर बे
११ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. हे पत्र लहान आहे.

तू जा. मला डॉक्टर महिनाभर गाडीत बसू देणार नाहीत, नाहीतर तुला सांगायला थांबले नसते. तुझ्या लबाडीबद्दल उन्हाळ्यात भांडू. खोटा पहिला नंबर दिलास याचा मला राग नाही, महिनाभर एकट्यानं घाबरत बसलास याचा आहे.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तुझ्या पाकिटावर अजून 'स्तेफानिया आणि इव्हान' असं असतं. माझा इव्हान जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी तुझं पाकीट आलं की मी ते फडताळात ठेवून द्यायची, हात लावायची नाही. मग सवय झाली. पावलोच्या पाकिटावर काय लिहितोस ते आठवून बघ.

निघायच्या आधी उत्तर लिहीत बसू नकोस. पोचल्यावर लिही.

तुझीच,
स्तेफ्का


स्नो लेक
१८ नोव्हेंबर

चि. स्तेफ्का,

अनेक आशीर्वाद. पावलो जिवंत आहे. आतल्या खोलीत झोपलाय. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं तुला नीट वाचता येईल.

काल एक वाजता पोचलो. दार उघडं, शेगडी गार. टेबलावर माझी चारही पत्रं, एकावर एक, कडा जुळवून ठेवलेली. एकही उघडलेलं नव्हतं. चारही पाकिटांवर माझ्या अक्षरात 'पावलो आणि नॉर्मा'. तुझं म्हणणं खरं होतं. माझा हात सवयीनं लिहीत गेला आणि मी एकदाही बघितलं नाही.

त्याचे बूट जागेवर नव्हते. मागच्या दारातून पावलं तळ्याकडं गेली होती. परत आलेली पावलं नव्हती.

तळं गोठून जेमतेम दोन आठवडे झालेत. मी गेलो. अडुसष्टाव्या वर्षी, शंभर किलोचं धूड घेऊन गेलो. बर्फ कडाडलाच असेल, पण मला ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं. खाडीच्या वळणावर तो उलट्या बादलीवर बसला होता. जवळ गळ नाही, भोक पाडायचं हत्यार नाही. मी हाक मारली. मान न वळवता मोठ्यानं म्हणाला की आहेस तिथंच थांब, इथं दोघांना पेलणार नाही. मी म्हटलं, मग तू माझ्याकडं ये. तो हलला नाही. मी म्हटलं, मग मीही हलत नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, पायांची बोटं कळेनाशी झाली.

शहाणपणाचं काही सुचेना, स्तेफ्का. मी ओरडून सांगितलं की टॅलबेकचा खांदा निखळलाय, त्याच्या जागी कोणाला घ्यायचं ते सांग. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की हा टॅलबेक कोण. म्हटलं, तुझ्या संघातला. तो म्हणाला, माझा संघच नाही. म्हटलं, आहे, आणि तू पहिला आहेस. तो म्हणाला, कोणत्या गाढवानं मला पहिला केला. आणि उठला. भांडायला उठला, पण उठला. दहा पावलांचं अंतर ठेवून आम्ही काठापर्यंत भांडत आलो.

तिथं कशाला बसला होतास, असं मी विचारलं नाही. काल म्हणाला, बर्फ किती जाड झालाय ते बघत होतो. मी बरं म्हटलं. आज सकाळी बोर्श्ट खाता खाता चमचा खाली ठेवला आणि म्हणाला की ते खरं नव्हतं.

गावातल्या नर्सला मी सगळं सांगितलंय. गुरुवारी त्याला द पास गावी डॉक्टरांकडं नेतो. हॅनियाला कळव की मी लवकर येत नाही.

आशीर्वाद देणारा मी कोण, आज तूच दे.

ओरेस्त


स्नो लेक
३० नोव्हेंबर

ती. स्तेफ्काताई,

सा. न. वि. वि. याच्यापुढं काय लिहितात ते मला ठाऊक नाही, कारण हे माझ्या हातचं तुला आलेलं पहिलंच पत्र. आजवर सगळी नॉर्मानं लिहिली. तिच्या अक्षरात 'पावलो सांगतो की' असं असायचं. पावलो काही सांगत नव्हता. पावलो तिकीट चिकटवायचा.

लीगचंही तसंच. तुम्हाला वाटायचं, मी खेळाडू निवडतो आणि ती लिहून घेते. ताई, मला हॉकीतलं एवढंसंही कळत नाही. ती कणीक मळता मळता रेडिओ ऐकायची, कोण दमलाय, कोणाचं प्रशिक्षकाशी पटत नाही, हे तिला निवेदकाच्या आवाजावरून कळायचं. चौदा वर्षं संघ तिनं चालवला आणि शाबासकी मी घेतली. मी कितीदा म्हटलं, सांगून टाकू. ती म्हणायची, राहू दे, तुझ्या भावाला हरवायची मजा तुझ्या नावानंच जास्त येते. एप्रिलपासून मी रेडिओ लावला नाही. निवडीचा रविवार आला, तेव्हा वाटलं, आता सगळ्यांना कळणार की या घरात जे काही शहाणपण होतं, ते गेलं.

ओरेस्तनं दिलेले बारा भारी खेळाडू मी परत केले. कोणी न घेतलेल्यांतून माझे मी बारा निवडले. ओरेस्तनं ते वाचून कपाळाला हात लावला. म्हणाला की यांतले दोघं गेल्या वर्षीच निवृत्त झालेत. मी म्हटलं, मग दहा जणांनिशी खेळतो. त्यानं नवी क्रमवारी केलीय. मी सहावा, तू पाचवी. यंदा तुझी शेवटून सुटका मी केली, हे विसरू नकोस.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि दर गुरुवारी बोलायला बोलावलंय. जातो. ओरेस्त तुला मी बरा आहे असं लिहील, ते पूर्ण खरं मानू नकोस. बरा नाही. दुपारी तीन ते पाच फार वाईट जातात. तेव्हा फोन केलास तर उचलीन, एवढं कबूल करतो. नाही उचलला तर पुन्हा कर.

काल संध्याकाळी ओरेस्तनं न विचारताच रेडिओ लावला. बंद कर म्हणणार होतो. तेवढ्यात माझ्या संघातल्या त्या विनिपेगच्या कालेनोनं गोल केला. निवड माझी, एकट्याची. मी ओरडलो, उठलो आणि सांगायला स्वयंपाकघराकडे धावलो. दारात गेल्यावर लक्षात आलं, मी कोणाला सांगायला आलोय ते. आत ओरेस्त बटाटे सोलत होता. त्यानं विचारलं, काय झालं. मग मला सांगावंच लागलं. पास कोणी दिला, कालेनो कुठून आला, गोलरक्षक कसा पडला. मला कळलं होतं तेवढं सगळं सांगितलं. मध्येच तो सोलायचा थांबला. मी पुढचं सांगितलं.

तिथली माया इकडं पाठवत राहा, इथं ती सध्या कमी पडते.

तुझा,
पावलो