मेधाच्या साडीवरची हळद

शनिवार संध्याकाळ, नोव्हाय, अमेरिका

"ही घरीच असते." आज मेधाने तिच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना माझी ओळख अशी करून दिली. पुण्यात मी शाळेत केमिस्ट्री शिकवायचे, इथे व्हिसामुळे नोकरी करता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी घरीच असते!

मग तिच्याच हातून हळदीची वाटी तिच्या क्रीम साडीवर उलटली.

"आता काय लावू गं?"

मी म्हटलं, साबण लाव. लिक्विड नको, वडीच चोळ. साबण म्हणजे अल्कली. त्याने हळद लाल होते, हे माझी आठवीतली मुलंही सांगायची. झालीच. लालभडक! मेधा किंचाळली, "अगं, तू केमिस्ट्रीची टीचर ना? काहीतरी कर!"

म्हणजे लक्षात होतं तर.

सगळ्यांसमोर शांतपणे लिंबू पिळलं. आम्ल लागताच लाल गेलं, पुन्हा पिवळं झालं. टाळ्या पडल्या. मेधाने मला मिठीच मारली. वाईट वाटायला हवं का? नाही वाटत.

डाग तसाच आहे. लिंबू रंग फिरवतं, हळद काढत नाही. हे मात्र तिला सांगितलं नाही. मला काय कळतंय, मी घरीच असते.