गादीच्या खोळीने दाखवलेला वारा

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
कापूस हवाई फवारणी शिबिर, मुक्काम आदिलाबाद

विषय : पहारेकरी धोंडीबा यांना कामावरून कमी न करता अपघाताचा दोष माझ्या नावे लिहिण्याबाबत.
संदर्भ : दि. २१ ऑगस्ट १९८७ चा माझा जबाब.

महोदय,

१. दि. १७ ऑगस्टला दुपारी सव्वातीन वाजता तामसीजवळच्या तात्पुरत्या धावपट्टीवर माणसे दोन (मी व धोंडीबा), बिनतारी संच एक, औषधाचे डबे चौदा आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी एक होती. वायुवेगमापक दुरुस्तीस गेला होता. भुरभुर पाऊस होता, ढग खाली आले होते.

२. नळी खांबाला चिकटलेली पाहून मी वैमानिकास "वारा शांत" असे कळवू लागले. धोंडीबा म्हणाले, "ताई, थे चिंधी पानी पिऊन लटकली. माह्यं धोतर पाहा, अंगावर ठरून नाई राह्यलं. वारा हाये." मी हसून म्हणाले, "मामा, सरकारी नोंद धोतरावरून होत नसते." ते म्हणाले, "मंग सांगा शांत." मी तसे सांगितले.

३. विमान वारा पाठीवर घेऊन उतरले, त्यामुळे वेळेत थांबले नाही, पट्टी संपल्यावर ४६ मीटर कपाशीत गेले व नालीत नाकावर आपटले. वैमानिकाच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

४. परवानगीवाचून जाड कापड लावल्याचा ठपका धोंडीबांवर आहे. ते कापड म्हणजे माझी आई वच्छलाबाई हिच्या गादीची खोळ. नायलॉनची नळी फाटल्यावर मीच खोळ उसवून नवी शिवली. धोंडीबांनी फक्त शिडी धरली. जबाबात मी "कापड कोणी लावले ठाऊक नाही" असे सांगितले. ते खोटे होते. आपण त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि माझे नाव घेतले नाही. तो जबाब तेलुगूत टंकलिखित झाला. हा अर्ज स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे, म्हणजे चूक टंकलेखकावर जाणार नाही.

५. येत्या सोमवारी त्यांना कमी करण्याचा हुकूम निघणार असे कळते. तो थांबवावा व माझी नेमणूक रद्द करावी. गादी सध्या खोळीवाचून आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही.

आपली नम्र व या प्रकरणी दोषी,
विनोदिनी नरसिंगराव, बी.एस्सी.
तात्पुरती हवामान निरीक्षक
तामसी, दि. २७ ऑगस्ट १९८७

सोबत :
(अ) उरलेल्या खोळीचा तुकडा.
(आ) वायुवेगमापक काल परत आल्यावर त्याच नळीची धोंडीबांसमक्ष केलेली चाचणी. वारा ताशी २२ किलोमीटर. नळीचा खांबाशी कोन : कोरडी असता ७४ अंश, भिजवल्यावर ६ अंश.